सुमनबाईची सिंधु

तर रांजण आडवा केला, तेव्हा कुठं लिंग सापडलं. तळाशी, गाळात, दोऱ्यासकट. काल आपण इथवर आलो आणि तेवढ्यात तुमची एस.टी. लागली. आता पुढचं ऐका.

रांजण रेणापूरच्या सिद्रामप्पांच्या घरातला. त्यात लिंग टाकणारी त्यांची चार वर्षांची नात, गुरम्मा. पोरीनं गळ्यातला दोरा चावून चावून तोडला आणि लिंग सोडलं पाण्यात. सकाळपासून दुपारपर्यंत सगळं घर ते शोधत होतं. चुलीतली राख चाळली, उकिरडा उपसला, गाईचं शेणसुद्धा काठीनं पसरून बघितलं. आणि ही बया रांजणाला टेकून सगळ्यांना एकच सांगत होती, "डुबुक! डुबुक!" पण तिचं बोलणं कुणी बोलण्यात धरतच नव्हतं. शेवटी तिचा भाऊ पंचाक्षरी, नऊ वर्षांचा, त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो म्हणाला, "आज्जा, ती सांगायलीय की कवापासनं!"

लिंगायताच्या घरात ही गंमत नसते. मूल जन्मलं की अय्या, म्हणजे जंगम, येतो आणि बाळाच्या गळ्यात लिंग बांधतो. ते मरेपर्यंत अंगावर, आणि मेल्यावर मातीत जाताना हातात. सकाळी तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. ते हरवलं म्हणजे माणसाच्या माणूसपणातलंच काही हरवलं, असं मानणारी ही माणसं. सिद्रामप्पांनी ते लिंग धुतलं, पुसलं, त्याच्या चांदीच्या डबीत ठेवलं, डबी देवघराच्या कपाटात ठेवली आणि किल्ली करदोट्याला बांधली.

"जाणती झाली की घालू," म्हणाले. "तोवर मी जपतो."

पोरीची आई शिवगंगा दारात ओणवी होती. रांजणातलं पाणी अंगणभर सांडलं होतं, ती कापडानं टिपून बादलीत पिळत होती. उन्हाळ्यात ते तरी का सोडावं. तिनं मामंजींचं ऐकलं आणि पुन्हा कापड पिळलं. पुढं किती वर्षांनी ती म्हणायची, तेव्हा बोलायला पाहिजे होतं. तेव्हा माझे हात पाण्यात होते.

ही शिवगंगा निलंग्याकडची. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी यायची ती निम्मी कानडी. 'आई' म्हणायला तिच्या पोरांना कधी जमलं नाही, ती सगळी तिला 'अव्वा' म्हणायची. उंचीनं बेताची, हातानं मात्र पैलवान. नवरा रेवणसिद्ध याचं पेठेत भांड्याचं दुकान. परातीला पोचा पडला की तो ठोकून काढायचं काम हिचं. पोचा कुठला आणि मूळचा घाट कुठला, हे ती डोळे मिटून बोटांनी सांगायची. गिऱ्हाइकं म्हणायची, रेवणसिद्धाला बसू द्या गल्ल्यावर, शिवगंगाबाईला बोलवा. रेवणसिद्ध खूश व्हायचा. त्याला कशाचंच वाईट वाटायचं नाही, असा गोड माणूस. आणि कुठल्याच बाबतीत तो तोंड उघडायचा नाही, असाही.

तिला तीन लेकरं. थोरली नीलम्मा, मधला पंचाक्षरी, आणि बरीच वर्षं मधे जाऊन झालेली गुरम्मा. गुरम्माचे डोळे वरच्या बाजूला ओढलेले, जीभ जराशी बाहेर, मान आखूड, हातपाय असे मऊ की कडेवर घेतली तर लोण्याचा गोळा घेतल्यासारखं वाटावं. चालली तीन वर्षांनी, बोलली त्याच्याही मागनं. लोकांनी कारणं शोधायला कसर केली नाही. कुणी म्हणालं ग्रहणात सुपारी कातरली असेल. कुणी म्हणालं माहूरचा नवस फेडायचा राहिला. सिद्रामप्पा म्हणायचे, निलंग्याकडचं रक्त. प्रत्येक कारण फिरून शिवगंगेच्याच दारात येऊन बसायचं.

पोरीला खरं वाढवलं नीलम्मानं. आई दुकानात, तर ही तिला कडेवर मारून पाण्याला जायची, धुण्याला जायची. जेवायला बसली की भाकरीचा पहिला तुकडा मोडून गुळाचा खडा लावून ताटाच्या कडेला ठेवायची, तो गुरम्माचा. तो तिला भरवल्याशिवाय दुसरा घास नाही. पंचाक्षरी चिडवायचा, "अक्का, तू सासरला जाताना हिला ट्रंकेत घालून ने."

"नेईन. आन् तुला कुलूप म्हणून लावीन," नीलम्मा म्हणायची.

पुढं लातूर जिल्हा झाला. आधी आपण उस्मानाबादचे, मग एकाएकी आपलेच! त्या पंधरा ऑगस्टला सिद्रामप्पांनी पेठेत पेढे वाटले. जणू कलेक्टर त्यांच्याच ओसरीवर बसणार होता. पण जिल्हा झाला आणि पावसानं तोंड फिरवलं. ज्वारी वितीएवढी होऊन करपली. आड आटले. टँकर यायला लागला. एक मात्र झालं, रेवणसिद्धाच्या दुकानात घागरींचा खप वाढला. ज्याच्या घरात दोन घागरी त्याला सहा पाहिजेत, टँकर येईल तेव्हा जेवढं भरता येईल तेवढं भरायला. गावात पाणी नव्हतं आणि दुकानात घागरी पुरत नव्हत्या. शिवगंगेला त्याची लाज वाटायची.

जिल्हा झाल्याचा शिवगंगेला एक फायदा झाला. लातूरच्या सरकारी दवाखान्यात एक नवा डॉक्टर आला होता. ती गुरम्माला घेऊन गेली. त्या पोरसवदा डॉक्टरनं पोरीचे तळहात पाहिले, छाती तपासली, डोळे पाहिले, आणि म्हणाला, "याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. गर्भ राहतो तेव्हाच असं होतं. कुणाच्या हातात नसतं."

"ग्रहणानं न्हाई?"

"नाही."

"आमच्या माहेरच्या रक्तानं?"

"नाही हो बाई. कुणाचीच चूक नाही."

सात वर्षं मानेवर ठेवलेला धोंडा त्यानं चार शब्दांत उतरवला, आणि तिला रागच आला. हे सांगणारा माणूस भेटायला सात वर्षं का लागली? डॉक्टर पुढं म्हणाला, "शिकेल ती. पण तीच गोष्ट तिला शंभरदा सांगावी लागेल. आणि एकदा शिकली की मग पुसायची नाही, एवढं ध्यानात ठेवा."

शिवगंगेनं ध्यानात ठेवलं. त्याचा तिनं काय उपयोग केला, ते आता ऐका.

त्याच दिवाळीनंतर नीलम्माला उदगीरचं स्थळ सांगून आलं. कापडाचे व्यापारी, मोठं घर, आणि मुलगा मन्मथ लातूरच्या नव्या कचेरीत कारकून लागलेला. असं स्थळ रेणापूरच्या भांडेवाल्याकडं चालत येत नाही. पाहायला येणार होती मुलाची आई कमलम्मा. तिची कीर्ती अशी, की तिनं सोयरिकीत सात घरं नाकारली होती. एका घरात तर पोहे कच्चे होते म्हणून.

सिद्रामप्पांनी सुनेला बोलावलं. "धाकटी त्या दिवशी घरात नको."

"कुठं ठेवू मामंजी? ती नीलम्माला सोडून ऱ्हात न्हाई. कोंडली तर बोंबलंल."

शेजारची सुमनबाई तेव्हा ताक मागायला आली होती. मराठ्याची बाई, नवरा वारलेला, दोन्ही पोरं पुण्याला. जिभेला हाड नाही आणि मनात मळ नाही. ती म्हणाली, "कोंडता कशाला? माझी म्हणून सांगा. माझ्याकडंच तर असती अर्धा दिवस."

सिद्रामप्पांचे डोळे चमकले. "गळ्यात लिंगबी न्हाई तिच्या," ते म्हणाले. "कुणाला शंका यायची न्हाई."

तीन वर्षांपूर्वी कपाटात गेलेली डबी अशी कामाला आली.

शिवगंगा म्हणाली, "पण नाव? गुरम्मा म्हटलं की लगेच कळंल, आपल्यातली म्हणून."

बघा, 'नको' नाही म्हणाली. 'पण नाव' म्हणाली. नाकारायची वाट उघडी होती आणि ती बाई भांड्याचा पोचा काढावा तशी बेतातला पोचा काढत बसली. तिच्या डोळ्यांपुढं नीलम्मा होती. अठरावं सरत आलेलं, दुष्काळ पडलेला, आणि ही एक सोयरीक गेली तर पुढची कारणासकट जाणार होती. 'धाकटी तसली आहे' हे एकदा उदगीरपर्यंत गेलं की मग निलंग्यापर्यंत जायला वेळ लागत नाही.

नाव सिंधु ठरलं. सुमनबाईच्या मेलेल्या लेकीचं नाव. तिनं ते स्वतःहून दिलं.

मग वीस-बावीस दिवस रोज दुपारी शाळा भरायची. शिवगंगा गुळाची ढेप घेऊन बसायची. "नाव काय?" गुरम्मा म्हणायची, "गुम्मा." गूळ नाही. "नाव काय? सिं-धु." असं शंभरदा. पंचाक्षरी मास्तर व्हायचा, डोक्याला आज्जाचा रुमाल, हातात छडी. "सिंधुबाई सुमनबाई, उभ्या ऱ्हावा!" गुरम्मा हसून गडबडा लोळायची. पहिल्या आठवड्यात काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात 'शिंदु' आलं. तिसऱ्यात एका दुपारी तिनं मान ताठ केली, आईकडं पाहिलं आणि म्हणाली, "सिंधु. सुमनबाईची." आणि डावा हात पुढं केला, गुळासाठी. ती डावखोरी होती.

नीलम्मा तेव्हा चुलीपुढं होती. तिनं वळून पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "अव्वा, मला तसलं लग्न नको."

"गप भाकरी थाप," शिवगंगा म्हणाली. नीलम्मानं भाकरी थापली. मुलाचा फोटो तिनं पाहिला होता, आणि तो तिला आवडला होता. तिलाही दोष देता येत नाही.

कमलम्मा आली. धिप्पाड बाई, कपाळभर भस्म, आणि गळ्यातली लिंगाची डबी लिंबाएवढी. पोहे खाल्ले, नीलम्माला चालायला लावलं, वाचायला लावलं. तेवढ्यात सुमनबाईच्या हातातून सुटून गुरम्मा आली आणि नीलम्माच्या पदराला लटकली. कमलम्मानं पोरीला निरखलं. तिची नजर पोरीच्या गळ्यावर गेली आणि तिथं थांबली.

"नाव काय गं बाळे?"

"सिंधु."

"कुणाची?"

"सुमनबाईची."

इतकं स्वच्छ ती जन्मात बोलली नव्हती. शिवगंगेच्या पोटातून पहिल्यांदा जे वर आलं, ते कौतुक होतं. माझी पोर पास झाली! आणि त्याच्या पाठोपाठ जे आलं, ते गिळायला तिला पुढं बरेच दिवस लागले. गुरम्मानं हात पुढं केला. आईच्या कनवटीला गुळाचा खडा होता, पण शेजारणीच्या पोरीला पाहुण्यांच्या देखत कनवटीचा गूळ कोण देतं? तो सुमनबाईनं आपल्याकडचा दिला.

माघात लग्न झालं. पाण्याचे दोन टँकर मागवले होते. गुरम्मा सुमनबाईच्या माणसांत, मांडवाच्या त्या टोकाला बसली होती. अक्षता पडल्या तशी ती "अक्का, अक्का" करत उठली. सुमनबाईनं तिला धरून ठेवलं. उदगीरची एक बाई म्हणाली, "शेजारच्या पोरीला किती लळा बघा." शिवगंगा हे ऐकून 'व्हय' म्हणाली.

नीलम्मा गेल्यावर गुरम्मा आठ दिवस ताटावर बसायची आणि कडेला बोट लावून वाट पाहायची. तिथं पहिला तुकडा असायचा ना. शिवगंगेनं मोडून दिला, तर घेतला नाही. अक्काच्या हातचा नव्हता.

आणि तिकडं उदगीरला काय चालू होतं? तिकडं नीलम्मा जेवायला बसली की भाकरीचा पहिला तुकडा मोडायची, गुळाचा खडा लावायची आणि ताटाच्या कडेला ठेवायची. हाताची सवय. कमलम्मानं महिनाभर पाहिलं. मग विचारलं, "कुणाचा वाटा काढतीस रोज? पोटात काही हाय का?"

नीलम्मा आधी रडली आणि मग सगळं सांगून मोकळी झाली.

चैत्रात कमलम्मा एकटीच एस.टी.नं रेणापूरला उतरली. भर दुपार, अंगणात घागरींची रांग. नीलम्माला सोबत आणलं नव्हतं, हे शिवगंगेनं आधी पाहिलं. पाठवून देतात की काय पोरीला? तिनं पाणी पुढं केलं. कमलम्मानं तांब्याला हात लावला नाही.

"सिंधुला बोलवा," ती म्हणाली.

गुरम्मा आली. कमलम्मानं तिला मांडीवर घेतलं, तिची आखूड बोटं आपल्या मुठीत धरली. सिद्रामप्पा काहीतरी बोलायला गेले.

"थांबा अण्णा. माझा धाकटा दीर असाच होता," कमलम्मा म्हणाली. "रेवणय्या म्हणायचो आम्ही. सव्वीस वर्षं जगला, निम्मी माझ्या हातनं जेवून. त्याची लिंगाची डबी सगळ्या घरात लख्ख असायची. राखेनं घासत बसायचा दिवसभर. गेला तवा मूठ उघडावी लागली न्हाई, तिच्यातच होतं लिंग. त्या दिवशी हिला बघितली आन् मला वाटलं, आमचा रेवणय्याच आला. वाटलं, बरं झालं, ह्या घराला असल्या लेकराची सवय हाय. पोरगी माणसं सांभाळणारी असंल. मग गळा बघितला. गळा मोकळा! म्हटलं, आपल्यातली असती तर कोण असं ठेवील? म्हणून गप बसले."

तिनं पोरीच्या मोकळ्या गळ्यावरून बोट फिरवलं.

"असलं लेकरू असल्याचं मला काय वाटायचं? बिनलिंगाची ठेवलीत, ह्याचं वाटतं. माझ्या सुनेची बहीण ही. हिच्या गळ्यात लिंग बघितल्याशिवाय मी ह्या घरचं पाणी पिणार न्हाई, आन् नीलम्मालाबी पिऊ देणार न्हाई."

सिद्रामप्पांचा आवाज बारीक झाला. "मी रोज पूजा केली तिच्या लिंगाची," ते म्हणाले. "माझ्यासंगट. एक दिवस चुकवला न्हाई. रोज पाणी, रोज बेल."

खरंच होतं ते. दुष्काळातसुद्धा त्या डबीला रोज पळीभर पाणी मिळालं होतं. म्हातारा खोटं बोलत नव्हता, म्हणून तर शिवगंगेला त्याच्यावर नीट रागावताही येईना. तिच्या मनात एकच घण पडत होता. लपवायचं काही कारणच नव्हतं. खरं सांगितलं असतं तर सोयरीक मोडली नसती, उलट घट्ट झाली असती. ज्या गळ्यापायी पोर परकी ठरली, तो गळा यांनीच मोकळा केला होता.

जाताना कमलम्मानं तिला दारात विचारलं, "तुमी आई ना? तुमी कशा तयार झालात?" शिवगंगेनं न शिवलेला तांब्या उचलला आणि पाणी घागरीत परत ओतलं.

लिंग बांधायला बसवजयंतीचा मुहूर्त निघाला. गावातला जुना अय्या मागच्याच साली वारला होता, म्हणून कमलम्मानं उदगीरहून अय्या आणले. घरात कोण कुणाचं, ते त्यांना माहीत नव्हतं. नीलम्मा आली. आल्या आल्या गुरम्मानं तिच्या पदराची गाठ मारून आपल्या हाताला बांधून टाकली, पुन्हा जाऊ नये म्हणून. रेवणसिद्धानं दुकानातली नवीकोरी कळशी काढली. गावानं टँकरच्या वाट्यातलं तांब्या-तांब्या पाणी पोरीच्या अंघोळीला आणून दिलं; सुमनबाईनं तर स्वतःची घागरच ओतली. कुणी काही विसरलं नव्हतं. शिकवलेलं पुसायचं मात्र कुणाला सुचलं नाही. घरात ती सगळ्यांची गुरम्मा आणि शिवगंगा तिची अव्वाच होती. पण दारात पाहुणे, पुढ्यात अनोळखी माणूस आणि विचारणं, याला काय उत्तर द्यायचं, हे तिच्यात एकदाच आणि पक्कं लिहिलं गेलं होतं.

ती शिवगंगेच्या मांडीवर बसली. सिद्रामप्पांनी करदोट्याची किल्ली सोडली, कपाट उघडलं. चांदीची डबी काळी पडली होती. पूजा लिंगाची व्हायची, डबी कोण घासणार? कमलम्मानं पदरानं ती पुसून अय्यांपुढं ठेवली. अय्यांनी पोरीच्या कपाळाला भस्म लावलं, लिंग हातात घेतलं आणि मायेनं विचारलं, "नाव काय बाळा तुझं?"

"सिंधु," गुरम्मा म्हणाली. मान ताठ.

अय्यांनी नाव लिहून दिलेल्या कागदाकडं पाहिलं. कागदावर गुरम्मा होतं. "कुणाची तू?"

"सुमनबाईची."

आणि तिनं डावा तळहात पुढं केला. अय्यांना वाटलं, लिंगासाठीच केला. ते म्हणाले, "वा! कळतं की पोरीला." पण ती अय्यांकडं पाहतच नव्हती. मान वळवून आईकडं पाहत होती, आणि गुळाची वाट बघत हसत होती.

सुमनबाईनं तोंडाला पदर लावला. नीलम्मा खाली बघू लागली. अय्यांना काही उमजेना. ज्या बाईच्या मांडीवर पोर बसली होती, तिच्याकडं वळून त्यांनी साधंच विचारलं, "मग माय, तुमी कोण हिच्या?"

"मी शेजारीण हाय, अय्या. आई असते, तर तिला ह्ये शिकवलं नसतं."